चाळीस मिनिटं लवकर आलेला ग्रह

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की साताऱ्याहून कराडकडं जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारी हिरव्या शेंड्यांची वाढी, आणि अख्ख्या पंचक्रोशीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात लावलेली गाणी. मागं अडकलेल्या एसटीतले लोक वैतागतात. मी वैतागत नाही, खिडकी उघडते. गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे चार महिने ढगांनी झाकलेलं आभाळ मोकळं झालं, आणि आभाळ मोकळं झालं की मला तो एक हंगाम आठवतो. त्यातला एक ग्रह आठवतो. तो मी पाहिलेला नाही आणि पुढंही कधी पाहणार नाही, पण त्याच्यावर माझा जरा जास्तच जीव आहे.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वर्षानुवर्षं मुलांकडून लंबकाचे झोके मोजून घेते, भिंगाचं नाभीय अंतर काढून घेते. उत्तर किती यायला हवं ते मला आधीच ठाऊक असतं, मुलांनाही ठाऊक असतं, आणि ज्याचं येत नाही तो शेजारच्याचं बघून लिहितो. मी एमएस्सीला होते तेव्हा दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडू लागल्याच्या बातम्या नुकत्या यायला लागल्या होत्या. वाचनालयातल्या मासिकातलं तसलं एक पान मी वहीत उतरवून घेतलं होतं, अगदी आकृतीसकट. मग नोकरी, लग्न, दोन मुलं, बारावीचे पेपर. त्यात सगळं आलं आणि छान आलं, माझी तक्रार नाही. पण पन्नाशीला आल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. आयुष्यभर मी मोजमापं केली, पण अशीच, ज्यांची उत्तरं पुस्तकाच्या मागं छापलेली होती. जिचं उत्तर कुठंच छापलेलं नाही आणि जिची कुणाला तरी गरज आहे, अशी एक तरी नोंद आपल्या हातून व्हावी, एवढंच मागणं होतं. एकच, पण खरी.

अशी सोय असते, हे फार लोकांना माहीत नाही. दूरचे ग्रह बघणाऱ्या मोठाल्या दुर्बिणींना वेळ फार तोकडा असतो. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून नक्की कधी जाणार याचं गणित केलेलं असतं, पण फेरीमागं सेकंदाच्या अंशाएवढी चूक साठत जाते आणि काही वर्षांत गणित मिनिटांनी घसरतं. ते ताजं ठेवायला जगभरची हौशी मंडळी आपापल्या गच्चीवरून वेळा मोजतात आणि एका यादीत पाठवतात. यादी बघणारे लोक नोंद तपासतात. मग ती मंजूर तरी होते नाही तर परत येते. माझा सगळा जीव ‘मंजूर’ या एका शब्दात अडकला होता.

ग्रह मात्र दिसत नाही. वर्गात हे सांगितलं की मुली हमखास विचारतात, ‘मग मॅडम, आहे कशावरून?’ मी त्यांना लग्नाच्या मांडवात नेते. मांडवाला शंभर दिवे लावलेत, तुम्ही दूर रस्त्यावर उभ्या आहात, तुम्हाला नुसता एक उजेड दिसतोय. त्यातला एक दिवा विझला, तर तो उजेड जेवढा उतरेल तेवढाच ताऱ्याचा उजेड उतरतो, ग्रह समोरून जाताना. दर मिनिटाला ताऱ्याचा फोटो घ्यायचा, आजूबाजूच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करायची आणि ठिपके मांडत जायचे. ठिपक्यांची ओळ सपाट चालते, मग हळूच खाली बसते, खालून चालत राहते आणि पुन्हा वर येते. झालं, एवढाच ग्रह. पण एवढ्यावरून त्याचा घेर कळतो. ग्रहाच्या ओढीनं तारा किती डुलतो त्यावरून वजन कळतं, दोन्ही मिळून तो दगडाचा आहे की नुसता वायूचा फुगा, ते कळतं. आणि खरी गंमत पुढं आहे. ग्रहाच्या कडेच्या हवेतून ताऱ्याचा जो थोडासा उजेड गाळून येतो, त्यातले रंग मोजले की त्या हवेत वाफ आहे का, सोडियम आहे का, हेही सांगता येतं. आमच्या गावचा गुळव्या उकळत्या काहिलीवरच्या फेसाचा रंग बघून सांगायचा, गूळ कसा उतरणार ते. लांबूनच, पाकात बोटही न घालता. माणसं अशी लांबून एखाद्याचं सगळं ओळखू शकतात, याचा मला फार आनंद होतो.

साताऱ्यात आमच्या गच्चीवर एमआयडीसीचे आणि रस्त्याचे इतके दिवे, की मोजमापाचं नाव नको. म्हणून दुर्बीण ठेवली माहेरी. माहेर पलूसच्या अलीकडं, कृष्णाकाठी. धाकटा भाऊ विलास आणि त्याची बायको सुनीता तिथं शेती करतात. घराला लागून मळा, मळ्याला लागून सुभेदार आण्णांचं रान. आण्णा फौजेत तोफखान्यात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतात. शनिवारी दुपारी मी एसटीत बसायची, कराडला गाडी बदलायची. कराड मागं पडलं की माझी भाषाही बदलते. कॉलेजातली मॅडम कृष्णेच्या पुलावर उतरते आणि पलीकडं जाते ती नुसती शैला.

त्या हंगामात यादीतून निवडलेल्या माझ्या ग्रहाच्या तीनच संध्याकाळी आमच्या वाट्याला होत्या. तो ताऱ्याभोवती अडीच दिवसांत फेरी मारतो, पण आपल्याकडं तेव्हा अंधार हवा, तारा पुरेसा वर हवा आणि मला रजा हवी. हे सगळं जुळून तीन वेळा. त्यानंतर तारा पश्चिमेला लवकर मावळणार, मग पुढच्या वर्षीची गोष्ट.

पहिली संध्याकाळ डिसेंबरातली. गणिताप्रमाणं ग्रह आठला पाच कमी असताना ताऱ्यासमोर यायचा होता. सव्वासातलाच ठिपके धडाधड खाली घसरले. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. चाळीस मिनिटं लवकर! आता, ग्रह चाळीस मिनिटं लवकर का येईल? एकच कारण मला सुचलं. शेजारी आणखी एक, कुणाला माहीत नसलेला ग्रह आहे, आणि तो याला ओढतोय. म्हणजे मी नवा ग्रह शोधला होता. माझ्या माहेरच्या गच्चीवरून, शाल गुंडाळून, मांडीवर लॅपटॉप घेऊन. ओळ पुढं वेडीवाकडी होत गेली, ठिपके मनाला येईल तसे वरखाली उडाले. तेही मी नव्या ग्रहाच्या खात्यावर टाकलं. प्रेमात पडलेल्या माणसाला पत्रिकेतलं काही दिसत नाही, तसं माझं झालं.

सोमवारी स्टाफरूममध्ये कंदी पेढे वाटले. आमच्या साताऱ्यात पेढे वाटायला फार मोठं कारण लागत नाही, तरी रसायनशास्त्राच्या सरांनी विचारलंच, ‘ग्रहाचं बारसं कधी?’ मी त्यांना दोन पेढे जास्त दिले. नोंद पाठवायची बाकी होती. ती संध्याकाळी नीट बसून पाठवणार होते. दुपारी सुनीताचा फोन आला, मी डबा विसरल्याचं सांगायला.

‘वन्सं, गिरव किती वाजता आला म्हणालासा?’

‘सव्वासातला. का गं?’

‘न्हाई, मी आपलं म्हटलं… तवाच तर आण्णांनी पाचट पेटवलं हुतं. माज्या चादरी दोरीवर ऱ्हायल्या हुत्या, सगळ्या काळ्या केल्या बघा. परत धुतल्या काल. त्यो धूर तुमच्या गिरवाला न्हाई का आडवा आला?’

ऊस तुटून गेला की रानात गुडघाभर वाळका पाला उरतो, ते पाचट. आमच्याकडं ते संध्याकाळी वारा पडला की पेटवतात, आजोबा-पणजोबांपासून. लहानपणी त्या धुराच्या वासानं आम्हाला भूक लागायची. तो वास मला त्या संध्याकाळी गच्चीवर आलाही होता, आणि मी नाक भरून घेतला होता, माहेरचा म्हणून! धूर पट्ट्यापट्ट्यानं वर चढला, माझ्या ताऱ्यासमोर दाट, तुलनेच्या ताऱ्यांसमोर विरळ. खरा ग्रह त्या धुरामागून आपल्या वेळेला निमूटपणे येऊन गेला होता. मी नवा ग्रह नव्हता शोधला, आण्णांचं दीड एकर पाचट शोधलं होतं. नोंद गेली नव्हती, सुनीतामुळं जगासमोरची शोभा टळली. स्टाफरूमसमोरची व्हायची ती झाली. रसायनशास्त्राचे सर आठवडाभर मला ‘धूमकेतूवाल्या मॅडम’ म्हणत होते.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तर आण्णा ओसरीवर वाटच बघत होते. सुनीतानं सांगून टाकलं होतं.

‘शैला, तू वर निरीक्षणाला बसली हुतीस आन् म्या तुज्या म्होरं धूर केला?’ त्यांचा चेहरा पडला होता. ‘आगं, आमची सारी तोफ निरीक्षण चौकीच्या डोळ्यावर चालायची. चौकीम्होरं धूर म्हंजे लय मोठा गुन्हा. मला आधी सांगायचं न्हाईस व्हय?’

‘आण्णा, मलाच कळलं न्हाई, तर तुमाला काय सांगू?’

‘ते काय चालायचं न्हाई. मला समजून सांग काय बघतीस ते.’

मी मांडव सांगितला, दिवा सांगितला. ते खालचा ओठ दाबून ऐकत होते. एवढ्या लांबचं लक्ष्य, दिसत नाही आणि तरी त्याची वेळ काढतात, हे त्यांना एका झटक्यात पटलं. माझ्या बारावीच्या वर्गाला दोन तास लागतात.

दुसरी संध्याकाळ संक्रांतीनंतरची. त्या दिवशी कुणी काडी ओढली नाही, पण आभाळ आलं. अवकाळी ढग रात्रभर हलले नाहीत. सुनीतानं गरम पिठलं केलं, मी जेवून झोपले.

उरली तिसरी, फेब्रुवारीतली, रविवारची. शनिवारी पोचले तर आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. पण गळीत हंगामात ऊसतोड कधी येईल ते शेतकऱ्याच्या हातात नसतं, कारखान्याच्या यादीत असतं. आण्णांच्या खालच्या तुकड्याची तोड महिनाभर लांबली होती ती नेमकी त्याच शनिवारी आली. रविवारी दुपारी बारापर्यंत ट्रॉल्या भरून गेल्या आणि रानात पाचट पसरलं. वर सोमवारी पहाटे त्यांची पाण्याची पाळी. तुटल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणी द्यायचं तर पाचट आधी हलायलाच हवं, आणि पाळी चुकली तर पुढची पंधरा दिवसांनी. उन्हाळा तोंडावर. दुपारी वारा असतो आणि रात्री दव पडलं की पाचट नीट पेटत नाही, म्हणजे पेटवायचं तर संध्याकाळीच. जेवणं झाल्यावर आण्णा आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले,

‘काय करायचं गं?’

मी मोठ्या मनाचा आव आणला. म्हटलं, ‘आण्णा, पेटवा की. पोट पिकावर हाय, माजं काय, हौस ती.’ ते गेले. मी स्वयंपाकघरात सुनीतापुढची पावट्याची रास ओढली आणि शेंगा सोलायला बसले. रडले नाही, पण दाणे टोपलीत आणि सालं पातेल्यात टाकत होते हे सुनीताच्या लक्षात आलं असणार. थोड्या वेळानं ती उठून कुठं तरी गेली. विलासही दिसेना. चारच्या सुमाराला मी दुर्बिणीचं झाकण घट्ट करायला म्हणून गच्चीवर गेले आणि खाली पाहिलं.

आण्णांच्या रानात आठ-दहा माणसं वाकलेली होती. आण्णा, त्यांच्या घरातली दोघं, विलास, सुनीता डोक्याला टॉवेल गुंडाळून, वरच्या आळीतली चार माणसं. एका सरीतलं पाचट ओढून दुसऱ्या सरीत दाबत होते. एक सरी पाचटाची, एक सरी पाण्याची. कृषी खात्याचा माणूस हे वर्षानुवर्षं सांगत होता: पाचट जाळू नका, सरीत दाबा, जमिनीचं भलं होईल. पत्रकं वाटली, सभा घेतल्या, एका सभेत वडापाव दिला. लोकांनी वडापाव खाल्ला आणि पाचट पेटवलं. कोण कशाला पाठ मोडून घेईल, जिथं एका काडीत काम होतं?

मी धावतच उतरले. ‘आवं आण्णा, हे काय काढलंसा?’

‘तू बोलू नगंस. त्या टोकाच्या दोन सऱ्या घे.’

घेतल्या. उसाचं पातं म्हणजे बारीक करवत. हात, कोपर, मान, सगळीकडं ओरखडे, वर खाज. मला हे काम करून तीस वर्षं झाली असतील. अर्ध्या सरीत कंबर बोंबलायला लागली, पण त्या दुपारी मी जेवढी हसले तेवढी माहेरी कितीतरी वर्षांत हसले नव्हते. वरच्या आळीतला एक जण म्हणाला, ‘शैलाक्का, गिरवावर बी ऊस असतोय का?’ विलास म्हणाला, ‘असंल, पर तोड मिळत न्हाई म्हणं.’ दिवस मावळायला शेवटची सरी झाली. आण्णांनी चारी बाजूंच्या रानांत निरोप धाडला: साडेनऊपतूर कुणी काडी ओढायची न्हाई. अगदी बिडीसुद्धा बांधावर नाही.

साडेसातला मी गच्चीवर होते. ओरखडलेल्या बोटांनी फोकस लावताना झोंबत होतं. आण्णा शेजारी लाकडी स्टुलावर ताठ बसले, मनगट उलटं करून घड्याळ डोळ्यांसमोर धरून. सुनीता आणि विलास कठड्याला टेकून. वास होता तो फक्त ओल्या मातीचा आणि तुटलेल्या उसाचा. गणिताप्रमाणं सात बावन्नला सुरुवात. सात पन्नास झाले, ओळ सपाट. बावन्न, सपाट. चोपन्नला एक ठिपका किंचित खाली बसला. पंचावन्नला त्याच्याहून खाली. मग एकामागून एक, शिस्तीत, जिना उतरल्यासारखे. मी नुसतं बोट दाखवलं.

‘आला?’ आण्णांनी कुजबुजत विचारलं, जणू मोठ्यानं बोलल्यास तो परत जाईल.

‘आला.’

दीड तास ओळ खालून चालत राहिली. कुठला तरी अवाढव्य गोळा, आपल्या गुरूएवढा, आपल्या ताऱ्याला जवळजवळ चिकटून धगधगत फिरणारा, त्या वेळी नेमका आमच्या आणि त्या उजेडाच्या मध्ये होता. तिथं त्याला ठाऊकही नाही, की इथं चार माणसं त्याच्यासाठी श्वास धरून बसलीत. मला याचं कधी वाईट वाटत नाही. त्याला ठाऊक असायची गरजच काय? सव्वानऊनंतर ठिपके वर चढले, तेवढ्याच शिस्तीत, आणि ओळ पुन्हा सपाट झाली. पातेल्याचा उभा छेद काढावा तशी रेषा, कुठं फाटा नाही की उडी नाही.

आण्णांनी वाकून रेषेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘आता ह्यात तू नवं काय काढलंस?’

मी खरं तेच सांगितलं. ‘नवं काईच न्हाई, आण्णा. ग्रह जुनाच. त्यो दोन मिनिटं उशिरा आला, एवढंच म्या बघितलं.’

‘एवढंच कसं? ड्यूटीवरचा माणूस कवा आला, याचा रिपोर्ट कुणीतरी द्यायलाच लागतोय की.’

त्या खोडव्याचं पुढं काय झालं ते सांगते, कारण आण्णा मला ते सांगायला लावतात. दाबलेलं पाचट कुजलं, ओल धरून राहिली, आणि ऐन उन्हाळ्यात आजूबाजूचं रान पिवळं पडलं असताना तो तुकडा हिरवागार होता. आता त्या पट्ट्यात कुणी पाचट जाळत नाही. कृषी खात्याचा माणूस तिथं इतर गावचे शेतकरी आणतो आणि आपल्या सभांचा परिणाम म्हणून दाखवतो. आण्णा मधे बोलत नाहीत. हसतात फक्त. त्यामुळं हल्ली हंगामात माहेरी गेलं की धुराचा तो वास येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची चुटपुट लागते. भूक मात्र तशीच लागते.

पण तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. सोमवारी पहिल्या गाडीनं मी साताऱ्याला परतले आणि दोन दिवस आकडेमोड करून नोंद पाठवली. मग वाट बघणं. वर्गात शिकवताना, भाजी घेताना, प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना मनात तेच. मंजूर की परत? आपलं घड्याळ नीट होतं ना, तुलनेचे तारे बरोबर निवडले ना? पाहिलेलं खरं होतं, ते आता कुणाच्या मताची वाट पाहत नव्हतं, हे स्वतःला बजावून सांगायची. पाच मिनिटं बरं वाटायचं.

दहा-बारा दिवसांनी, सकाळी अकराच्या मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात असताना ईमेल आलं. मी ते दोनदा वाचलं. मग कप टेबलावर ठेवला आणि आण्णांना फोन लावला. ते रानात होते. मागं पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता.

‘आण्णा, रिपोर्ट पोचला.’

‘आन् मग?’

‘मंजूर.’

मग त्यांनी फोन तोंडापासून दूर नेला असावा, कारण तोफखान्यातला तो आवाज मला लांबून आणि तरी कान बसेल असा ऐकू आला. ‘आगं ये सुनीता! मंजूर झालं!’ पलीकडच्या रानातून सुनीताची आरोळी आली, विलासला. विलासची पुढं, ओढ्यापलीकडं. आमच्याकडं शिवारात निरोप असाच जातो, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर. मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रसायनशास्त्राचे सर काय झालं म्हणून विचारत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं. आवाज लांब लांब जात होता. अगदी शेवटी, ओढ्याच्याही पार, कुठल्या तरी रानातल्या एका माणसानं, ज्याला ग्रहाचं काही म्हणजे काहीच ठाऊक असायचं कारण नव्हतं, सगळा जीव एकवटून पुढच्या रानाला ओरडून सांगितलं, ‘मंजूर झालं रंऽऽ!’